पुण्याच्या चाकोल्या

शेणाचे दागिने घेऊन रेल्वेत बसू नये. वास येत नाही हो, एवढं मी छातीठोकपणे सांगते. वर्षभर त्याच्यावरच तर मेहनत घेतली आहे. पण समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी "खोक्यात काय आहे?" असं विचारलं, मी भाबडेपणाने खरं सांगितलं, आणि त्या क्षणापासून त्यांना वास यायला लागला. दौंडपासून भुसावळपर्यंत ते नाकाला रुमाल लावून बसले होते. बाजूला त्यांचा लसणाच्या चिवड्याचा डबा उघडाच होता, त्याचं काही नाही.

मी पुण्यात दागिने करते. सोन्याचे करणाऱ्याला कोणी "म्हणजे तुम्ही नक्की काय करता?" असं विचारत नाही, मला रोज विचारतात. तर सांगून टाकते. शेण वाळवायचं, कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, डिंक आणि भिजवलेली मेथी वाटून घालायची, मळायचं, मणी वळायचे, प्रत्येक मण्यावर कडुलिंबाच्या पानाचा ठसा उमटवायचा आणि सोसायटीच्या गच्चीवर वाळत घालायचे. मग सेक्रेटरीसाहेबांची नोटीस यायची वाट बघायची. ती मणी वाळायच्या आत येते.

प्रदर्शनांत माझं कौतुक फार होतं. बायका माळ उचलतात, "किती इंटरेस्टिंग!" म्हणतात, खाली ठेवतात आणि पर्समधून ओला रुमाल काढून बोटं पुसतात. गळ्यात म्हणून कोणी घालत नाही. नणंदेला वाढदिवसाला एक माळ दिली, तर तिने ती गुलाबाच्या कुंडीत पुरली. गुलाब मात्र फक्कड आला.

म्हणून वर्ध्याचं हे आमंत्रण म्हणजे माझी शेवटची आशा होती. शाश्वत वस्तूंचा उन्हाळी उत्सव. त्याचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की बॅनरवर तारखेला जागा उरली नव्हती. तिथे मुंबईच्या एका बड्या दुकानाच्या बाई येणार होत्या आणि एका कारागिराचा अख्खा संग्रह आपल्या दुकानांसाठी उचलणार होत्या. मी घरी जाहीर करून टाकलं होतं: यंदा निवड झाली तर झाली, नाहीतर गच्ची रिकामी करीन आणि शेणाचं नाव काढणार नाही. नवऱ्याने इतक्या पटकन "चालेल" म्हटलं की मला रागच आला.

वर्ध्याला उतरले तेव्हा भर दुपार होती आणि होळीचा दिवस. मार्चमध्येच ऊन असं की डोक्यावरची ओढणी गरम लागत होती. रिक्षावाल्याला पवनारला जायचं सांगितलं.

"होळीले आल्या का मॅडम?"

"नाही, परवापासून प्रदर्शन आहे. उन्हाळी उत्सव."

"उन्हाळ्याचा उत्सव?" त्याने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "आमी तं उन्हाळ्यात घरात लपून बसतो जी."

हे त्या आयोजकाला, तन्मयला, कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. पण तन्मय पुण्याचा. त्याने उन्हाळा म्हणजे पन्हं आणि गवती टोप्या, एवढंच धरलं असणार. रस्त्याच्या कडेला पळस पेटल्यासारखे फुलले होते आणि खाली चिटपाखरू नव्हतं.

पवनारला माझ्या मैत्रिणीचं, वैशालीचं माहेर. "हॉटेल कशाला? आईकडे उतर," असं तिनेच बजावलं होतं. तिचे वडील धाम नदीकाठच्या वावरात (शेतात) वांगी आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर, पहिल्यांदा ऐकणारा आमटी शोधत बसतो) लावतात आणि वर्ध्याच्या बाजारात नेतात. आई, शोभाकाकू, दारातच उभ्या होत्या. पाय धुवायला पाणी, मग कैरीचं पन्हं, मग ताट. पुरणपोळी कशी खायची याबद्दल माझ्या काही पुणेरी समजुती होत्या, त्या काकूंनी तुपात बुडवल्या. "तूप काऊन बाजूले सारून राह्यली वं?" असं दरडावून त्यांनी आणखी एक वाटी ओतली. बरोबर कढी, भजी आणि सांबारवडी. तिसऱ्या पोळीला मी शरण गेले.

जेवण झाल्यावर काकूंची नजर खोक्याकडे गेली.

"काय आनलं वं एवढं जपून?"

मी झाकण उघडलं. "माळा आहेत, काकू. सगळ्या शेणाच्या."

"बाप्पा! शेनाच्या? अन् तुह्या हातानं केल्या?"

"हो, वर्षभर करत होते." मग माझी जीभ सुटली. प्रदर्शनात बोलून बोलून पाठ झालेलं भाषण मी त्या बिचाऱ्या बाईंना ऐकवलं. निसर्गातून आलं, काम झालं की निसर्गात परत जातं, मागे काही उरत नाही, वगैरे वगैरे.

"हो वं, तेच तं असते," काकू म्हणाल्या. मण्यावरचं पान त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले. "एवढ्या दुरून आठवन ठेवून आनलं माय तू. वैशालीले तं कदी सुचलं नाई."

मला वाटलं, अखेर एक रसिक भेटली! "नीट ठेवा हं," असं सांगून मी पंख्याखाली आडवी झाले. "त्याची चिंता तू करू नोको," काकू म्हणाल्या. तुपाचा असर असा की मी लगेच घोरायला लागले.

जाग आली ती डफड्याच्या आवाजाने. दिवस मावळत होता आणि घरात कोणी नव्हतं. मी चेहऱ्यावर पाणी मारून आवाजाच्या दिशेने निघाले. चौकात लाकडं रचलेली, होळी नुकतीच पेटलेली, भोवती सगळी गल्ली. पोट्टे (पोरं) गळ्यात चाकोल्यांच्या माळा घालून नाचत होते. चाकोल्या म्हणजे मधे भोक पाडलेल्या लहानशा गोवऱ्या. घरोघरी आठवडाभर आधी थापतात, वाळवतात, दोरीत ओवतात आणि होळीला वाहतात. वा, काय सुंदर प्रथा, असं म्हणत मी जवळ गेले, तर एका पोरीच्या गळ्यातल्या मण्यांवर कडुलिंबाचं पान दिसलं.

तिच्या शेजारणीच्या गळ्यातही तेच. मग बघते तर काय, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका माझ्या माळा घालून उभ्या! एकीने जरीच्या साडीवर घातली होती आणि फोनच्या काचेत स्वतःला न्याहाळत होती. दुसरी पदर सारखा करून "मले कशी दिसते वं?" असं विचारत होती. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला फार छान वाटलं. माझा दागिना माणसाच्या गळ्यात मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात जरीच्या साडीने माळ काढली, कपाळाला लावली आणि आगीत टाकली.

"काकू! थांबवा! थांबवा त्यांना!"

"काऊन? काय झालं?" काकू माझ्याकडे धावत आल्या. त्यांच्याही गळ्यात एक होतीच.

"अहो, त्या माझ्या माळा आहेत!"

"हो तं! सगळ्याइले सांगतलं मी, पुन्याच्या पाहुनीनं चाकोल्या आनल्या म्हनून. घरोघरी एकेक देल्ली."

"जाळायला नव्हत्या आणल्या!"

काकूंचा चेहरा उतरला. "मंग होळीच्या दिवशी शेनाच्या माळा घेऊन कोनी कायले येते वं?"

मी वळून आगीकडे धावले. तोवर सगळ्यांनी आपापल्या माळा वाहून टाकल्या होत्या. डिंक तडतडला, मेथीचा खमंग वास सुटला आणि गल्ली खूश झाली. "काय वास येऊन राह्यला!" "पुन्याचं काम हाये बाप्पा!" मी तिथेच फतकल मारून रडले. दुःखाने नाही, संतापाने. स्वतःच्या भाषणाचा संताप. मागे काही उरत नाही म्हणे! मर मेली.

काकूंनी गळ्यातली शेवटची माळ काढून माझ्या हातात ठेवली. पण घाईत ओढून काढताना दोरा उसवला होता, तो तुटला आणि मणी धुळीत गेले, तिथून नाचणाऱ्यांच्या पायाखाली. मग त्यांनी माझ्या गळ्यात गाठी घातली. गाठी म्हणजे साखरेच्या पदकांची माळ, होळीला पाहुण्यांना आणि पोरांना देतात. रात्री काकू जेवल्या नाहीत. रंगाच्या दिवशीही त्यांनी रंग खेळला नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी त्या नवं लुगडं नेसून तयार. "मी येतो संग. त्या बाईले मीच सांगतो, चूक मायी हाये."

उत्सव वर्ध्याबाहेरच्या लग्नाच्या लॉनवर होता. पृथ्वी वाचवण्यासाठी डिझेलचा जनरेटर धडधडत होता. गवत हिरवं दिसावं म्हणून टँकर लावला होता आणि काकूंनी त्या पाण्याकडे असं पाहिलं की तन्मयही दोन पावलं मागे सरला. माझी हकिकत ऐकून मात्र त्याने टाळ्या वाजवल्या.

"मॅम, हा तर परफॉर्मन्स झाला! राख आहे का? काचेच्या बरणीत मांडू या."

"राख वांग्याच्या वाफ्यात गेली," काकू म्हणाल्या. "वांग्याले चांगली असते."

मुंबईच्या बाई आल्या. तागाची साडी, गळ्यात काही नाही. काकूंचा कबुलीजबाब त्यांनी ऐकून घेतला आणि रिकाम्या टेबलाकडे पाहून एवढंच विचारलं, "पण लोक असले दागिने घालतात का हो?"

वर्षभर या प्रश्नाला मी घाबरत होते. "घालतात," मी म्हटलं. "परवा अख्ख्या गल्लीने घातल्या."

"फोटो?"

फोन तेव्हा घरी चार्जिंगला होता. काकू पुढे झाल्या. "म्या घातली होती. हलकी हाये, मानेले टोचत नाई. काढाच्या येळी जिवावर आलतं पाहा."

बाई गोड हसल्या. आमच्या ग्राहकांना टिकाऊ हवं असतं, असं म्हणाल्या आणि शेजारच्या स्टॉलवर गेल्या. तिथे एक तरुण बाटल्या वितळवून केलेले प्लास्टिकचे मणी विकत होता. त्याचा संग्रह निवडला गेला. प्लास्टिक टिकतं हे मात्र खरं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

निघायच्या दिवशी मी मनातल्या मनात गच्ची झाडत होते, तर दारात ही गर्दी. गल्लीतल्या बायका निरोपाला आल्या असतील असं वाटलं, पण त्यांना काम होतं.

"पुढच्या होळीले येजो," जरीच्या साडीवाली म्हणाली. "अन् माह्यी थोडी लांब करजो, मोठ्या मण्याची."

"मले दोन पदरी," दुसरी म्हणाली. "अन् माह्या सुनंसाठी एक. तिले घालाले भेटलीच नाई, रडून राह्यली होती."

"पण तुम्ही जाळणार ना?" माझ्या तोंडून गेलंच.

"मंग? नाई जाळली तं त्याच्या पुढच्या होळीले नवी कशी घ्याची?"

मोबदल्याचं विचारलं तर सगळ्या हसल्या. गाठी देऊ की, म्हणाल्या. काकूंनी एक जड पिशवी माझ्या हातात दिली, वर तोंड घट्ट बांधलेलं. आत वाळवून, कुटून, चाळलेलं शेण होतं. "आमच्या गाईचं हाये. तुमच्या पुन्यात कुठं भेटते असं?"

परतीच्या प्रवासात कोणीतरी पिशवीत काय आहे विचारलं. मी पीठ म्हणून सांगितलं. शहाणपण येतं ते असं.

सोसायटीच्या फाटकात सेक्रेटरीसाहेब उभेच होते. पिशवीकडे बघूनच त्यांना अंदाज आला. "अहो, तुमचे मिस्टर म्हणत होते, गच्ची मोकळी करणार म्हणून?"

"ऑर्डर आहे."

"कोणाची?"

"एका गल्लीची. दरवर्षीची."

"दरवर्षी?" ते छद्मी हसले. "म्हणजे टिकत नाहीत वाटतं तुमचे दागिने."

"नाही ना," मी म्हटलं, आणि पिशवी खांद्यावर घेऊन जिना चढायला लागले. "लोक ते घालतात."