बसायला वेळ नसलेली अनसाबाई

अनसाबाईला बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती. आमची पिठाची गिरणी तिच्या आवाराला लागून आहे, मधे नुसतं तारेचं कुंपण, तेव्हा मी सांगतो त्याला काही अर्थ आहे. ती भाकरी उभ्यानं खायची, चहा हिंडत हिंडत प्यायची आणि लग्नाच्या पंगतीत हटकून वाढायला पुढे व्हायची, कारण वाढणाऱ्याला कोणी बसा म्हणत नाही. गिरणीत दळण घेऊन आली की मी आपला म्हणायचो, "मावशी, बसा की जरा." त्यावर ठरलेलं उत्तर, "बसाया मी काय पावणी हाय?" डबा ठेवून ती बाहेर दोन येरझाऱ्या घालून यायची. मी बसणारा माणूस. गिरणीवाल्याला दुसरं काय असतं? तिच्याकडे नुसतं बघूनही मला धाप लागायची.

तिच्या पायात चामड्याच्या जाड वहाणा असायच्या, टाचेला लोखंडी नाल ठोकलेल्या. गिरणी चालू असली तरी तो खटखट आवाज मला ऐकू यायचा. मांडवगण फराट्यात अनसाबाई कुठल्या आळीत आहे हे विचारायची गरज कोणाला पडत नसे.

ही चुळबूळ वाया गेली नाही, हे मात्र खरं. आमच्या गावात आणि नदीपलीकडच्या दौंडाकडच्या वस्त्यांवर ज्याला घोडीला रवाल चाल लावून हवी असेल, तो अनसाबाईच्या दारात यायचा. घोडी पळाली की वरचा माणूस आदळतो. रवाल चालीत तो आदळत नाही. घोडीच्या एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ जोडीनं पडतात, कुठला तरी पाय कायम जमिनीवर असतो, आणि बसणारा झोपाळ्यावर बसल्यासारखा जातो. चाल घोडीच्या अंगात उपजतच असावी लागते. पण ती टिकवायची म्हणजे मेहनत आहे. जरा बिचकली, जरा घाई झाली की घोडी चौखूर सुटते आणि चाल मोडते.

टिकवायची सर्रास रीत म्हणजे एका बाजूचा पुढचा-मागचा पाय साखळीनं जोडायचा आणि तोंडात काटेरी लगाम द्यायचा. अनसाबाईचे वडील म्हाळूआबा बागायतदारांच्या घोड्या अशाच तयार करत. लहानगी अनसा त्या घोड्यांच्या पायांना हळद लावायची, जखमांवरच्या माश्या हाकलायची आणि रडायची. एक दिवस तिनं साखळी उचलून विहिरीत टाकली. मार बसायचा तो बसला. पण नवी साखळी येईपर्यंत घोडीला नुसतं हिंडवून आणायचं काम तिच्याकडे आलं, आणि ही वळवळी पोर घोडीच्या खांद्याशी अशी झपाझप चालली की घोडी तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकत आपसूक रवालीत आली. नवी साखळी मग आलीच नाही. म्हाळूआबांनी मात्र मरेपर्यंत सगळ्यांना सांगितलं की ही युक्ती त्यांची.

तीच पद्धत तिनं जन्मभर चालवली. दोर सैल, तोंडात साधी गुळगुळीत कडी, पाठीवर तिचा मुलगा नवनाथ आणि खांद्याशी ती. घोडी रुळली की ती हळूहळू मागे पडायची, आधी शेपटीपाशी, मग आणखी मागे, आणि शेवटी बांधावर उभी राहायची. घोडी तशीच एकटी त्याच चालीत पुढे जायची. घोडीवर हात उचललेला मी कधी पाहिला नाही. नवनाथनं एकदा रागानं लगामाला हिसका दिला, तेव्हा तिनं त्याला तिथंच उतरवला होता.

ती स्वतः मात्र कधी घोडीवर बसली नव्हती. वडलांच्या घरी पोरींनी घोडीवर चढायचं नाही असा दंडक होता. पुढे दंडक सांगणारं कोणी उरलं नाही, पण तोवर हिला वर बसण्यात रस उरला नव्हता. मी एकदा डिवचलं, तर म्हणाली, "वर बसून काय करू रं? पाय लोंबकाळत ठिवायचं नुसतं. माझा जीव जाईल."

माघात आनंदरावांनी शेवंती आणून बांधली. तपकिरी अंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली देखणी घोडी. आनंदराव यवतच्या अलीकडचे ऊसबागायतदार, सोसायटीत वजन असलेला माणूस. चैत्रात त्यांच्या गावच्या यात्रेत पालखीपुढे घोडीवर बसून जायचा मान त्यांच्या घराचा. पण त्यांचा मणका दुखावलेला. डॉक्टरांनी सांगितलेलं, आदळणारं काही चालणार नाही. म्हणजे रवाल घोडी मिळाली तर मान घरात, नाहीतर चुलतभावाकडे. माणूस वाईट नव्हता, पण घायकुतीला आलेला होता.

शेवंती अनसाबाईला लगेच वश झाली. ऊन वर आल्यावरच दोघी बाहेर पडायच्या, कारण उसात बिबट्या असतो आणि सकाळच्या अंधारात नदीकडच्या वाटेला आता कोणी जात नाही. फाल्गुन लागेपर्यंत घोडी अशी चालायला लागली की मी गिरणी सोडून कुंपणाशी उभा राहायचो. अनसाबाई आता शेपटीमागे पडायला लागली होती. म्हणजे अर्धं काम झालं होतं.

आणि तेव्हाच तिचा गुडघा गेला. रात्रीतून सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, चालणं बंद करा. अनसाबाईनं एवढंच कबूल केलं की चालणं जरा मऊ करीन. सून अपेक्षा केडगावची. ती माहेरी गेली तेव्हा सासूसाठी मऊ तळाच्या डॉक्टर चपला घेऊन आली. अनसाबाईनं नाक मुरडलं, पण त्या घालून गुडघा कमी ठणकतो म्हटल्यावर जुन्या वहाणा दाराआड गेल्या.

दुसऱ्याच दिवशी शेवंतीची चाल मोडली. नदीकडच्या वाटेला लागताच ती मागे वळून बघायला लागली, पाय चुकवायला लागली आणि मग चौखूर सुटली. नवनाथ पडता पडता वाचला. त्यापुढच्या दिवशीही तेच. अनसाबाई पुन्हा तिच्या खांद्याशी गेली, मानेवर हात ठेवून चालली, तरी घोडी कावरीबावरीच. दाणा तपासला, खूर तपासले, दृष्ट काढून झाली. अनसाबाई दिवसभर आवारात येरझाऱ्या घालायची, आणि गंमत अशी की पायात त्या चपला असल्यामुळे ती कधी माझ्या पाठीशी येऊन उभी राहायची हे मलाही कळायचं नाही. दोनदा दचकलो. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

ती घाबरली होती. गुडघ्याला नाही. तिला वाटलं, आपलं वय झालं, आपल्या अंगातलं ते काहीतरी संपलं आणि घोडीला ते आधी कळलं. "जनावराला समजतं," ती मला म्हणाली. मी दळणात डोकं घातलं.

आनंदराव येऊन बघून गेले. तोंड कडू झालं त्यांचं. म्हणाले, "मावशी, तुमच्यावर विश्वास हाय. पण यात्रा थांबायची न्हाई. रखमाजीला सांगतो, तो ठोकून ठाकून चाल बसवील."

रखमाजीचं नाव ऐकताच अनसाबाई घोडीच्या आड येऊन उभी राहिली. दौंडाकडचा हा माणूस साखळीवाला होता. "आनंदराव, साखळी नगं. माझ्या दारातनं घोडी साखळीला जायाची न्हाई."

"मग पाडवा झाल्यावर येतो त्या रविवारी. चाल दावा, मी रखमाजीला तसाच माघारी धाडतो."

ते दिवस तिनं कसे काढले ते कुंपणापलीकडून मी पाहिलंय. लंगडत दारात जाई, दारातून घोडीपाशी, घोडीपासून परसात. अपेक्षा ओरडायची, "अहो आई, टेका की जरा!" ऐकतंय कोण?

पाडव्याच्या सकाळी अपेक्षा घाईत होती. गुढीला पाणी, चुलीवर दूध, आणि वैरण टाकायची राहिलेली. स्वतःच्या चपला सापडेनात म्हणून तिनं दाराआडच्या सासूच्या वहाणा पायात सरकवल्या आणि कडब्याची पेंढी घेऊन आवारातून निघाली. खट, खट, खट. शेवंतीनं मान वर केली. कान ताठ केले. आणि बांधलेल्या जागीच ती एकेका बाजूचे पाय जोडीनं उचलायला लागली.

अनसाबाई उंबऱ्यात उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती हललीच नाही. मग म्हणाली, "अगं, ती मला न्हवं, माझ्या वहाणांला ऐकत व्हती!" आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

लगेच वहाणा पायात, नवनाथ घोडीवर आणि माय-लेक वाटेला. शेवंती पहिल्या पावलाला रवालीत आली. पण बाभळीच्या वळणाशी गुडघ्यानं दगा दिला आणि अनसाबाई खाली कोसळली. मी तिला गाडीवर मागे बसवून आणली. गाडीवरही ती सरळ बसत नव्हती, मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी तिनं नवी शक्कल काढली. वाटेच्या तोंडाशी बाज टाकली, तिला टेकून उभी राहिली आणि दोन्ही हातांत वहाणा घेऊन एकमेकींवर हाणायला लागली. चालीतच, अगदी तिच्या चालीत. नवनाथनं घोडी सोडली. घोडी रवालीत आली खरी, पण आवाज मागे राहतोय म्हटल्यावर गर्रकन वळली आणि बाजेपाशी येऊन अनसाबाईच्या खांद्यावर नाक ठेवून उभी राहिली.

"आई, आवाज तिच्यासंगं जायला पायजे," नवनाथ म्हणाला. वहाणा त्यानं घेऊन पाहिल्या. पण त्याचा हात ताशावाल्यासारखा घाईचा. घोडीनं कान मागे टाकले आणि एक पाऊल पुढे टाकलं नाही.

रविवार उजाडला. नेमका नवनाथला रांजणगावहून कंपनीचा फोन आला, बदलीचा माणूस आला नव्हता, म्हणून नवनाथच शिफ्टला गेला. थोड्या वेळानं आनंदरावांचा टेम्पो दारात. त्यातून आनंदराव उतरले आणि त्यांच्यामागून रखमाजी. रखमाजीच्या खांद्यावर गोणपाट होतं, आणि ते त्यानं खाली ठेवलं तेव्हा आत साखळी वाजली.

"कोण बसणार घोडीवर?" आनंदरावांनी विचारलं.

अनसाबाईनं गोणपाटाकडे पाहिलं, शेवंतीच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गिरणीवाले, बाज आणा."

मी बाज घोडीशेजारी लावली. तिनं कासोटा घट्ट खोचला, बाजेवर चढली, बिनदुखरा पाय बाजेवर रोवला आणि दुखरा पाय हातानं उचलून पलीकडे टाकला. अपेक्षा डोळ्यांवर पदर घेऊन उभी. लगाम अनसाबाईनं गाठ मारून घोडीच्या मानेवर टाकून दिला, कारण हात मोकळे नव्हते. हातांत वहाणा होत्या.

शेवंतीनं मान वळवून आपल्या खांद्याकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. आनंदराव घड्याळ बघायला लागले. मग वरून आवाज आला, खट, खट, खट, आणि घोडी निघाली.

पहिला फेरा मी बाजेपाशीच उभा राहून पाहिला. अनसाबाई वर नुसती वळवळत होती, कधी पुढे झुकायची, कधी पाय आवळायची, आणि तिनं तसं केलं की घोडीचा कान फिरायचा. तिला ते दिसलं असणार. बाभळीचं वळण घेऊन ती परत आली तेव्हा तिचे खांदे उतरले होते, पाय सैल सुटले होते. माती उडत होती, घोडी झपाट्यानं जात होती, आणि अनसाबाईचा पदरसुद्धा जागचा हलत नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी ती काय तयार करत होती, ते तिला आज कळत होतं. मला ते तिच्या तोंडावर दिसलं.

दुसऱ्या फेऱ्याला वहाणा वाजत नव्हत्या. त्या तिच्या मांडीवर पडल्या होत्या. शेवंतीची चाल तशीच होती.

"झालं, मावशी, झालं!" आनंदराव ओरडले. "घोडी पास! रखमाजी, ते गोणपाट टाक टेम्पोत." रखमाजीनं ते उचललं. अनसाबाई समोरून निघून गेली. परत आली, पुन्हा निघून गेली.

"मावशी, उतरा आता. टेम्पो खोळंबलाय, घोडी चढवायची हाय."

"अहो आई, बास! गुडघा सुजंल!" अपेक्षा.

अनसाबाईनं मान वळवली, पण घोडी थांबवली नाही.

"जरा थांबा की रं," ती म्हणाली. "आत्ताशी कुठं बसलीया मी."