पगाराचं नाटक

आमच्या घरी रोज संध्याकाळी टीव्हीवर एका कुटुंबाची विनोदी मालिका चालते. किती वर्षं चाललीय कोण जाणे. त्यातली पोरं मोठी झाली, आजोबांचे केस मात्र अजून काळेच आहेत. सून हसून हसून लोळते आणि म्हणते, "आई, यांना रोज नवं सुचतं तरी कुठून?" कुठून सुचतं ते मला चांगलं ठाऊक आहे. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून सुचतं.

अंबरनाथला आम्ही बुवापाड्यात राहत होतो तेव्हा टीव्ही कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता. देश स्वतंत्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. पण असली मालिका आमच्याकडेही होती. आमचे हे कारखान्यात फिटर होते आणि यांचे जिवलग मित्र तिथेच स्टोअरमध्ये कारकून. त्या दोघांनी चार टाळकी जमवून पगारानंतरच्या शनिवारी मैदानात तासाभराचं नाटक करायला सुरुवात केली. दर महिन्याला गोष्ट नवी, पण घर तेच. पुस्तकी बोलणारा कारकून नवरा आणि खेड्यातून आलेली त्याची बायको. नाटकाला धड नाव नव्हतं, लोक 'पगाराचं नाटक' म्हणायचे. ते सात-आठ वर्षं चाललं. कारकून भावजी लिहायचे आणि नवरा व्हायचे. तेव्हा घरंदाज बाई तोंडाला रंग लावत नसे, त्यामुळे बायको व्हायचे आमचे हे.

सगळी तयारी आमच्याच ओट्यावर. मिशी उतरवताना यांचं तोंड सुतकात असल्यासारखं व्हायचं. लुगडं माझं, बांगड्या माझ्या, गंगावन शेजारणीचं. पडदा अडकला की भावजी आतून शिव्या घालायचे आणि त्या पहिल्या रांगेला नीट ऐकू यायच्या, लोकांना तोही नाटकाचाच भाग वाटायचा. पडद्याचं कापड उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका सिंधी कापडवाल्यानं दिलं होतं. त्या बदल्यात नाटकातल्या बायकोनं दर वेळी त्याच्या दुकानाचं एकदा कौतुक करायचं असं ठरलेलं. आताच्या जाहिराती बघून सुनेला आश्चर्य वाटतं, मला नाही.

पहिलं वर्षभर मी नाटक पाहिलंच नाही. मांडीवर तान्हं मूल, जाणार कशी? पण भावजी संध्याकाळी यायचे, चहा मागायचे आणि म्हणायचे, "बोला वहिनी, आज काय झालं घरात?" झालं, मी सुटायचे. हे दोघं शहरात वाढलेले, मी बदलापूरकडच्या आगरी शेतकऱ्याची लेक. आमच्या बोलीत गाडीची गारी होते, लुगड्याचं लुगरा, डोळ्याचा डोला, आणि 'मला' म्हणायचं तिथे आम्ही 'मना' म्हणतो. मी दूध कसं उतू गेलं ते सांगायचे आणि हे दोघं पोट धरून हसायचे. मला वाटायचं, काय छान गोष्टी सांगता येतात आपल्याला! केवढी भोळसट होते मी.

मग एका शनिवारी मूल शेजारणीकडे ठेवून मी मैदानात गेले, बायकांच्या बाजूला बसले. हे माझं हिरवं लुगडं नेसून बाहेर आले. पदर खोचला तोही माझ्यासारखाच, डाव्या हातानं. नाटकातल्या घराची किल्ली हरवली होती. यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "मना काय ठावा!" मला काय माहीत, असा त्याचा साधा अर्थ. दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडी असायचं ते. सगळ्या मैदानात हशा फुटला. हे हात तसाच कपाळाला ठेवून थांबले, आणि हजेरी द्यावी तसं सगळ्या मैदानानं ते वाक्य पुन्हा म्हटलं. त्यांना ते पाठ होतं. माझ्या चाळीतल्या बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. लाजेनं माझे कान तापले. नवरा बाई झाला याची मला लाज नव्हती. ती बाई मी होते, आणि महिनोन्महिने मीच तिला चहाबरोबर पुरवत होते.

घरी आल्यावर मी भांडले. हे म्हणाले, "अगं, लोक प्रेमानं हसतात. लाज वाटायचीच तर मला वाटावी. मिशी काढून लुगडं नेसतो मी."

पुढे एकदा मी कॅम्प दोनच्या बाजारात त्याच कापडवाल्याकडे गेले. तो मला ओळखत नव्हता. "शेट, येक लुगरा दाखव," एवढंच मी म्हणाले. त्यानं हातातला गज खाली टाकला आणि आतून बायकोला बोलावलं. "अरे वाह बाई! तुम तो एकदम वो नाटकवाली के माफिक बोलता है! और बोलो ना!" मी माझ्याच नवऱ्याची नक्कल करते आहे असं त्याला वाटलं. माणूस भला होता. सिंधमधलं सगळं मागे टाकून आलेला, त्याची स्वतःची मराठी माझ्याहून लंगडी, आणि तो मनापासून कौतुक करत होता. भावही कमी करायला निघाला. मी लुगडं न घेताच दुकानातून उतरले. रस्ताभर मान वर केली नाही.

त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. शेजारी एक मास्तरीणबाई राहत. त्या कशा बोलतात ते कान देऊन ऐकायचं आणि जात्यावर बसलं की एकटीनं म्हणायचं, गाडी, साडी, माडी, काळं, निळं, पिवळं. वर्षभरात कुणाला माझं गाव ओळखू येईना. आज हे सगळं ज्या मराठीत लिहिते आहे ती मी हौसेनं नाही शिकले, लाजेनं शिकले.

भावजी चहा पिऊन रिकामेच जाऊ लागले. नाटक लागोपाठ दोन महिने पडलं. "तू हल्ली बोलतच नाहीस," हे म्हणाले. "बोलते की. शुद्ध बोलते," मी म्हणाले. मग यांना एकाएकी सासुरवाडीचा उमाळा आला. रविवार आला की बदलापूर. तिथे हे चुलीपाशी पाट घेऊन बसायचे आणि माझ्या आईला म्हणायचे, "मामी, त्या रेड्याचं काय झालं ते सांगा ना." आई हरखून जायची. जावई चुलीपाशी बसून आपलं ऐकतो, हे तिनं अख्ख्या आळीला सांगितलं. आणि पगाराच्या शनिवारी आईचा रेडा, आईचं बोलणं, आईचं हात ओवाळून सांगणं, सगळं मैदानात. मला हसले ते मी गिळलं होतं. आपल्याला लोक हसतात हे आईला मरेपर्यंत कळू नये, एवढंच मला हवं होतं.

आणि नेमकं आईच्या गावातूनच बोलावणं आलं. गावच्या जत्रेत नाटक करा. लांबच्या पाड्यांवरच्या लोकांना उजेडात घरी पोचता यावं म्हणून खेळ दुपारी चारला. मी यांच्या हातापाया पडले. "कुठेही करा, गावात नको. माझ्या आईचं तिच्याच गावासमोर हसू करू नका." हे म्हणाले, "शब्द देऊन बसलोय गं."

आई नवं लुगडं नेसून तयार. जावयाचं नाटक! माझ्या मनगटाला धरून तिनं मला सगळ्यात पुढे नेऊन बसवलं. रिकाम्या शेतात उभारलेल्या फळ्यांच्या रंगमंचावर हे आले, पदर खोचला, कपाळाला हात लावला, "मना काय ठावा!" आणि सवयीनं थांबले.

कुणी हसलं नाही. एवढं मोठं शेत माणसांनी भरलेलं, पण सगळे पुढचं ऐकायला तोंडाकडे बघत बसलेले. हसायचं कशाला? सगळे तसंच तर बोलत होते. मागून एक म्हातारी कळवळून म्हणाली, "खराच गो बाय! बाईमानसाला कोन सांगतंय!" यांचा हात कपाळावरच राहिला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी आईकडे बघून हसलेसुद्धा.

तेवढ्यात नवरा झालेले भावजी पुढे आले आणि त्यांच्या नेहमीच्या ठसक्यात म्हणाले, "अगं, हा काय घोळ घालून ठेवला आहेस? कितीदा बजावलं मी तुला!"

शेतभर हशा उठला. "बजावलं मी तुलाऽ!" पोरं ओरडली. भावजींनी तोंड उघडलं की लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. त्यांना हे कळेचना, ते आणखी शुद्ध बोलायला लागले आणि लोक आणखी हसायला लागले. माझी आई तर डोळे पुसत होती. इतकी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि पदर तोंडात कोंबून एकदम थांबली.

तेव्हा मला उमगलं. रंगमंचावर भावजी ज्या मराठीत बोलत होते, तीच मराठी मी दर रविवारी तिच्या घरात बोलत होते. लाज म्हणजे काय ते मला कापडवाल्याच्या दुकानात कळलं असं मला वाटलं होतं. ते खोटं होतं.

खेळ कसाबसा संपला. हे तोंडाचा रंगही न पुसता ओटीवर बसून राहिले. मी आत चुलीपाशी आईजवळ गेले. तिनं भाकरी थापता थापता खाली बघूनच म्हटलं, "बाय, राग नको धरू. मी त्या मानसाला हासली. तुना नाय."

"नाही गं आई," मी म्हणाले. "मला कशाला राग येईल?"

लहानपणापासून मी तिला 'आये' म्हणत होते. 'आई' कधीपासून म्हणायला लागले ते माझं मलाच आठवेना. ते शब्द माझ्या तोंडून भावजींच्या शब्दांसारखे बाहेर पडले. मी थांबले, आमच्या बोलीतलं काहीतरी शोधलं, ते जिभेवर आलं नाही.

आईनं हातावरचं पीठ झटकलं. तलाठी घरी आला की ती जसा सारखा करायची, तसा डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि सांभाळून, एकेक अक्षर उचलल्यासारखं मला विचारलं, "पाणी देऊ का?"

आमच्या बोलीत 'ण' नाही. जन्मभर ती 'पानी' म्हणत आली होती. मी हो म्हणाले, तांब्या घेतला आणि भिंतीकडे तोंड करून प्यायले. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.