उपाशी राहिलेली सवाष्ण

जिला जेवायला बोलावलं तिलाच उपाशी ठेवायचं, हा पराक्रम मी केलेला आहे. तोही महालक्ष्म्यांच्या दिवशी.

आमच्याकडे सवाष्णीला आदल्या दिवशीच सांगून ठेवतात. ती दिवसभर उपास धरते. पानं मांडली की घरातलं कोणी तरी जाऊन तिला घेऊन येतं. बोलावणं आल्याशिवाय ती घरची पायरी उतरत नाही, मानाचा प्रश्न असतो. त्या वर्षी सवाष्ण होत्या माझ्या चुलतसासूबाई, चार घरं पलीकडच्या. त्यांना आणायला माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला पाठवायचं, हे माझ्या डोक्यात होतं.

होतं म्हणजे आलं, आणि गेलं. केळीची पानं कापायला मागे गेले, तर दोडक्याचा वेल सुटलेला दिसला. तो बांधायला सुतळी हवी म्हणून कोठीत शिरले, तर तिथं फोटोंचा डबा. झालं! घरात आंबील निवतेय, पुरण वाट बघतंय, आणि ही नव्या लुगड्यातली महाराणी फरशीवर फतकल मारून स्वतःच्याच लग्नाचे फोटो बघतेय. कोणीतरी हाक मारली तेव्हा धावले. एक पान रिकामं दिसलं, तिथं दर्शनाला आलेल्या शेजारणीला बसवलं आणि वाढायला लागले. काही चुकलं असं वाटलंही नाही.

दिवेलागणीला चुलतसासूबाई स्वतःच दारात आल्या. ओठ सुकलेले.

“सूनबाई, जेवल्या का तुमच्या महालक्ष्म्या? मी आपली बसूनच राह्यली ना.”

माझ्या तोंडून निघालं, “पोरीले पाठवलं होतं काकू. फिरत राह्यली असन कुठं तरी.” आणि खरं वाटावं म्हणून सगळ्यांदेखत पोरीच्या थोबाडीत दिली.

“आई, तू मले...” एवढंच ती बोलली आणि थांबली. तिची तिलाच खात्री नव्हती. डबा, कंपास, एका पायातली चप्पल, सगळं विसरून येणारी पोर. म्हणूनच तर माझं खोटं लगेच खपलं. सासूबाई मला ‘वाऱ्यावरची वरात’ म्हणायच्या; त्या दिवसापासून ते नाव पोरीकडे गेलं आणि मला, लाज वाटते सांगायला, हायसं वाटलं.

पुढं मीही विसरले, असं लिहायला आवडलं असतं. पण आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी कधी विसरले नाही.

मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली आहे. वर्ध्याला नोकरी करते. कामात सारख्या चुका होतात, झोप उडाली, म्हणून मागच्या वर्षी डॉक्टरांकडे गेली. त्यांना एडीएचडीची शंका आली. लहानपण बघितलेलं कोणी तरी सोबत आणा म्हणाले, म्हणून मी गेले.

“लहानपणीचं काही आठवतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मुलगीच हसत सांगू लागली, “मी तर महालक्ष्म्यांची सवाष्ण उपाशी ठेवली होती, मॅडम.”

मी पंख्याकडे बघत राहिले. बाई समजावत होत्या की हा आळस नाही, बेफिकिरीही नाही. लक्ष कुठं धरायचं आणि कुठं सोडायचं, हे अशा मेंदूला कठीण जातं. पुष्कळदा घराण्यातच असतं. मग माझ्याकडे वळल्या. “आजी, तुमचं कसं आहे?”

“माझं? या वर्षात चहाची तीन पातेली जाळली. आता दारावर यादी लावली आहे, आणि ती वाचायची आठवण मोबाइलचा गजर करून देतो.”

दोघी हसल्या. त्या हसण्याचा आधार धरूनच मी बोलून टाकलं, “मी तिले पाठवलंच नव्हतं. मीच विसरली होती.” तिला एकटीला सांगायची हिंमत मला तीस वर्षांत झाली नव्हती.

बाहेर आलो. गाडीची चाबी शोधता शोधता मुलीनं पर्समधलं सगळं पायरीवर ओतलं आणि तिथंच बसली. मीही शेजारी टेकले. एकेक वस्तू परत पर्समध्ये टाकत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली,

“थापडीचं काही नाई, आई. पण तवापासून कोणीबी म्हटलं ना, ‘तूच विसरली असशीन,’ का मी ‘हो’ म्हणून टाकतो. ऑफिसात, घरी, सगळीकडे. खरंच मी विसरली का, हे मी कधी इचारलंच नाई.”