मेन स्विच बंद करा

“तुम्हाला अल्कोहोल डिपेंडन्स आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे नुसती सवय नव्हे, आजार. शरीराला आता दारूशिवाय चालता येत नाही. हे ऐकून मी आधी मागे वळून दार नीट लागलंय का ते पाहिलं. बाहेर बाकावर कंपनीतलं कुणी बसलं असलं तर? जिवाचं काय, हे नंतर सुचलं.

मी नागापूर एमआयडीसीत फिटर आहे. शेजारी बायको, सुनीता, बसली होती. मॅडम म्हणाल्या, “घरी एकदम सोडू नका, जिवावर बेतू शकतं. ॲडमिट व्हा.”

मी म्हणालो, “मनात आणलं तर उद्या सोडीन. ॲडमिट व्हायला मी काय बाईमाणूस आहे?”

“वॉर्डात सगळे पुरुषच आहेत,” त्या म्हणाल्या.

रक्त दिलं, सोनोग्राफीच्या रांगेत बसलो. फॅटी लिव्हर निघालं, म्हणजे यकृतावर चरबी चढलेली. सुनीता मला खाटेवर बसवून मुलीला घेऊन संगमनेरला माहेरी गेली. मी थांब म्हणालो नाही.

मग विड्रॉवल सुरू झालं. दारू बंद केल्यावर शरीर जो दंगा करतं, तो. चहाचा कप धरवेना, गादी घामानं भिजली. एका दुपारी डिलिरियम झाला, म्हणजे मेंदू भरकटतो, नाही ते दिसतं. मला भिंती ओल्या दिसत होत्या म्हणे. मी सलाईन उपटून ओरडत सुटलो होतो, “मेन स्विच बंद करा! कुणीतरी मेन स्विच बंद करा!”

शुद्धीवर आलो तेव्हा मनगटं खाटेला बांधलेली होती. मॅडमनी स्वतः ती सोडवली आणि विचारलं, “मेन स्विच कशाचा?”

“काही नाही,” मी म्हणालो.

वॉर्डातल्या बैठकीत आम्ही सगळे असेच. कोण किती प्यायचा यावर हसून बोलायचो. समुपदेशकांनी विचारलं, “भीती कशाची वाटते?” की प्रत्येक जण खाली फरशीकडे बघायचा. माणसांनी भरलेल्या त्या खोलीत मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

मॅडम मात्र रोज राऊंडला तोच मेन स्विचचा प्रश्न विचारत. एक दिवस मी भिंतीकडे तोंड करून सांगितलं. माझा धाकटा भाऊ दत्ता पाथर्डीकडच्या आमच्या विहिरीवर मोटर चालू करायला गेला आणि ओल्या स्टार्टरला चिकटला. मेन स्विच खाली ओढून मीच त्याला सोडवलं. उशीर झाला होता. अंत्यविधीला नातेवाईक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तू रडला तर तुझ्या बापाकडं कोन बघनार? घट्ट ऱ्हा.” मी घट्ट राहिलो. झोप मात्र गेली. दोन घोट घेतले की यायची.

“याला ट्रॉमा म्हणतात,” मॅडम म्हणाल्या. “मनाला झालेली जखम. तुम्ही तिच्यावर दारू ओतत राहिलात. नुसती दारू सोडवून मी तुम्हाला घरी पाठवलं, तर तुम्ही परत याल.”

मला न विचारता त्यांनी काही केलं नाही. विचारून मात्र वडिलांना, म्हणजे दादांना, बोलावून घेतलं. दादा एसटीनं आले. धोतर झटकून खाटेच्या कडेला टेकले. आम्ही दोघंही खिडकीतून पार्किंग बघत राहिलो.

मग ते म्हणाले, “मी बी त्या दिसापासून स्टार्टरला हात लावला न्हाई. शेजारचा येतो, बटन दाबून जातो. मला म्हनतो, म्हातारा आळशी झालाय. म्हनू दे.”

“मला कधी सांगितलं नाही, दादा.”

“तू लई घट्ट दिसायचा. म्हनलं, याला कशाला हलवायचं?”

त्यांचा चेहरा वाकडा झाला. त्यांना रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मग मीही रडलो. पलीकडच्या खाटेवरचा भिंगारचा गडी तोंड फिरवून झोपल्याचं सोंग करत होता.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. डिस्चार्जनंतर एकदा घसरलो, पुन्हा ॲडमिट झालो. सुनीता अजून संगमनेरलाच आहे. मुलीशी बोलू देते; परत यायचं म्हणत नाही. ते तिच्यावर आहे. कंपनीतले मित्र पगाराच्या दिवशी मला टाळून प्यायला जातात. मी एकटाच खोलीवर येतो, कुकर लावतो. संध्याकाळ फार लांब असते. त्या वेळात मी गोळ्या घेतो, भिंगारला दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जातो, मॅडमना भेटतो.

ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांना एवढंच सांगेन: एकदम सोडू नका, डॉक्टरांकडे जा. आणि डॉक्टरांनी आतलं विचारलं तर ‘काही नाही’ म्हणू नका. मला ते दोन शब्द फार महाग पडले.

रविवारी दादांना फोन करतो. आम्हाला बोलायची सवय नाही. ते विचारतात, “जेवला का?” पूर्वी मी ‘हो’ म्हणून ठेवून द्यायचो. परवा म्हणालो, “जेवलो. पण आज लई अवघड गेलं, दादा.”

पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागं गोठ्यातली गाय. मला वाटलं, आता ठेवतील.

“हाय मी,” ते म्हणाले. “बोल.”