घटातली माती

काकांच्या वावरातला बटाटा मी विळीवर कापला आणि माझा हात थांबला. वरून साल तुकतुकीत, आत मात्र नखानं ओरखडावं तशा तपकिरी कमानी.

"उन्हाचा चटका असंन," काका म्हणाले. त्यांनी पानांवर फवारणीवर फवारणी केली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मला चीड आली. पण आंजी गावाकडे बटाटा लावायचं धाडस त्यांनीच आधी केलेलं, आणि त्या जमिनीवर त्यांचा जीव होता.

मी वर्ध्याला पिकांच्या रोगांवर काम करते. पिशवीभर माती प्रयोगशाळेत नेली, वाळवली, कुंड्यांत भरून तिच्यात तंबाखूची रोपं लावली. मातीत विषाणू असेल तर तो मुळांतून रोपात चढतो. रोप म्हणजे आमचं गळाला लावलेलं गांडूळ. भाद्रपदात पानांवर पिवळी कडी उमटली. तपासणीत त्यांतला विषाणू माहीत असलेल्या एकाही विषाणूशी जुळेना. नवीन काही सापडलं म्हणून सहकारी खूश झाले. मला मात्र काकांचं गाव आठवलं. असले विषाणू मातीतल्या बुरशीच्या आडोशानं वर्षानुवर्षं दबा धरून राहतात आणि चिमूटभर मातीबरोबर दुसऱ्या वावरात जातात.

अहवाल हाती आला तेव्हा नवरात्र बसलं होतं. तशीच एसटीनं गाव गाठलं.

"काका, वावरातली माती कोणाले देऊ नका."

काकूनं देवघराकडे पाहिलं. घटाभोवती धान उगवून आलं होतं. "पोरी, अख्ख्या गल्लीनं घटाले आपल्याच वावरातली माती नेली. मऊ हाये न ते."

दसऱ्याला घटाची माती जो तो आपल्या वावरात टाकतो, बरकत यावी म्हणून. त्या दिवशी मी घरोघरी डोकावले. सगळीकडे धान तरारलेलं. हिरवं पाहून इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

काका खाटेवर टेकले. "मातीले बी रोग होते का?" मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे म्या गावच बुडवलं."

"तसं नाई, काका. माती अजून घटातच हाये," मी म्हणाले.

संध्याकाळी ते दारोदार फिरले. "दसऱ्याले माती माह्याच वावरात आणून टाकजा." आपला घट दुसऱ्याच्या वावरात? बाया कुरकुरल्या. पण काकांचा शब्द कोणी मोडला नाही.

दसऱ्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला. दुपारी बाया टोपल्या घेऊन काकांच्या वावरात आल्या आणि माती रिकामी करून परत फिरल्या. सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. घोट्यापर्यंत काळी, चिकट माती. आता इथून प्रत्येकजणी आपल्या वावरात सोनं वाहायला जाणार होती.

"थांबा! पाय धुतल्याबिगर जाऊ नका!" मी ओरडले आणि धुतलेलं पाणी साठवायला घमेलं आणावं म्हणून वावरातल्या झोपडीकडे धावले.

परत आले तर काका धुऱ्याच्या बांधावर उकिडवे बसलेले. शेजारी बादली. महालक्ष्मीच्या सवाष्णींचे धुवावेत तसे ते एकेकीचे पाय स्वतःच्या हातांनी धूत होते, मान खाली घालून. "राहू द्या न भाऊजी," बाया लाजून म्हणत होत्या. काकांचे डोळे भरलेले.

घमेलं माझ्या हातातच राहिलं. काळं पाणी उतारानं धुऱ्याखालून शेजारच्या वावरात चाललं होतं.