मॅडमचे बत्तीस श्वास

नर्सिंगच्या मुली मॅडमना पाठीमागे 'साठ सेकंद' म्हणत. पेशंटचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजलेच पाहिजेत, हा बाईंचा हट्ट. "पेशंट अचानक बिघडत नाही गं, आधी त्याचा श्वास वाढतो. आणि तुम्ही डोळे मिटून नॉर्मल म्हणून अठरा लिहिता!" हे पालुपद चोवीस वर्षं चालू होतं, आणि मुलीही चोवीस वर्षं इमानेइतबारे अठराच लिहीत होत्या.

एक मात्र खरंच मोजायची. पण इतकी सावकाश, की मॅडमनीच तिचं नाव गोगलगाय पाडलं होतं. "अगं, तुझं मोजून होईस्तोवर पेशंट बरा होऊन घरी जाईल!" या संथपणापायी ती प्रॅक्टिकलला दोनदा नापास झाली होती. आता ही शेवटची संधी. हुकली, की कोर्स सोडून घरी बसायचं.

परीक्षेत पेशंट व्हायच्या स्वतः मॅडमच. रबरी पुतळा थोडाच श्वास घेतो! यंदा त्यांना चार दिवस खोकला होता, अंग कसकसत होतं. "डॉक्टरला दाखव," असं नवरा म्हणाला, तर त्याच्यावरच डाफरल्या, "मला शिकवताय?" आणि ऑपरेशन होऊन ठणठणीत झालेल्या पेशंटचं सोंग घेऊन कॉटवर आडव्या झाल्या.

पहिल्या चौघींनी अठरा लिहिलं. मॅडमनी कार्डावर लिहून ठेवलेलं उत्तरही अठराच होतं.

मग गोगलगाय आली. श्वास मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो, म्हणून नाडी बघतेय असं दाखवत तिनं मनगट धरलं आणि छातीवर नजर ठेवून पूर्ण मिनिट उभी राहिली. मग आणखी एक मिनिट. मॅडमनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. एवढं करून लिहिलं काय, तर बत्तीस!

"बत्तीस? मी काय... डोंगर चढून आलेय का... बये?"

"मॅडम, तुम्हाला एक वाक्य एका दमात बोलता येत नाहीये."

"सोंग आहे ते! खोड... आणि अठरा कर. नाहीतर... तिसऱ्यांदा नापास... बसशील घरी..."

पोरीनं खाडाखोड केली नाही. कॉट डोक्याकडून वर केली, बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली. अठ्ठ्याऐंशी; हवा पंच्याण्णवच्या वर. "नापास करा हवं तर," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "पण उठू नका." आणि डॉक्टरांना बोलवायला ही गोगलगाय अशी धावली, की एक चप्पल दारातच राहिली.

न्यूमोनिया निघाला. वॉर्डात तोंडावर मास्क चढला तेव्हा मॅडमना भीती वाटली, अगदी साध्या पेशंटला वाटते तशी.

तिसऱ्या दिवशी गोगलगाय भेटायला आली. निकाल विचारायची तिची हिंमत होईना.

"दहापैकी नऊ," मॅडमच म्हणाल्या. "पेशंटला एकटं टाकून धावत नाहीत, दुसरीला पाठवतात. एक मार्क कापला."

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मॅडमच्याही आलं, पण त्यांनी मास्क टोचतोय म्हणून सांगितलं. मग कॉटच्या पायथ्याशी अडकवलेला आपला तक्ता मागून घेऊन वाचला. तीन दिवसांचे श्वास: अठरा, अठरा, अठरा. खाली सह्या त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनींच्या.

मॅडमनी मुकाट्यानं मनगट पुढे केलं.

"तू मोज गं बाई. सावकाश मोज."