आईला न येणारी बेरीज

काल अंगणात मोहफुलं निवडत बसलेल्या आईला शेजारच्या मुलीनं अपूर्णांकांची एक बेरीज विचारली. आईनं मान वर न करता उत्तर सांगून टाकलं. मी मात्र त्या गोड, आंबूस वासात सहावीतल्या एका दुपारी जाऊन पोचले.

इंग्रजी शाळेत मी तोंडच उघडत नसे. दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी उभं राहून सगळ्या वर्गाला अशीच बेरीज समजावून सांगायची होती, आणि ताप आला तर बरं, असं मला वाटत होतं. आई फुलं वाळत घालत होती. म्हणाली, "एक छेद दोन अन् एक छेद तीन, म्हणजे दोन छेद पाच ना?"

"नाई, आई. अर्ध्यात भर टाकली तर अर्ध्याहून कमी कसं होईन?"

"काऊन नाई होत?"

मी काडीनं मातीत दोन्ही छेद सहा करून दाखवले. मग तीन आणि दोन मिळवून पाच छेद सहा. तिला समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. आईला एवढं साधं गणित येत नाही, याची मला तेव्हा दयाच आली होती.

ऊन उतरेपर्यंत ती विचारत राहिली. मग हात झटकून म्हणाली, "आता समजलं मले. उद्या असंच सांगजो."